वाटेत मुरलेलं पाणी

फाल्गुनात भीमेच्या पात्रात उतरलं की पायाखाली वाळू असते आणि वाळूखाली नदी. वर उरलेला असतो एखादा डोह, त्याच्या कडेला लव्हाळ्याची हिरवी कोर, आणि सुकत चाललेल्या चिखलात शिंपल्याने सरपटत ओढलेली एक वाकडी रेघ. पाणी आटत गेलं तसतसा तो त्याच्या मागे मागे गेला. रेघेच्या टोकाशी वाकून पाहिलं तर तो अजून तिथेच असतो, अर्धा रुतलेला, दोन्ही कवाडं घट्ट मिटून. पंढरपूरच्या खाली, मंगळवेढ्याच्या अंगाला, नदीची ही अवस्था उन्हाळ्यात नेहमीची. मग एके दिवशी काठाच्या गावांत शब्द फिरतो, ‘उजनीतनं पाणी सुटलं.’

पाणी सुटलं म्हणजे आलं नव्हे. ते यायला दिवस लागतात. कोरड्या पात्रातून येणाऱ्या पाण्याचा पहिला ओठ पाहायचा असेल तर काठावर बसून राहावं लागतं, आणि हे बसणं वाया जात नाही. तो पाणओठ माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश येतो. त्याच्या तोंडाशी मळकट फेस असतो, फेसात बाभळीच्या शेंगा, वाळकी पानं, शेळ्यांच्या लेंड्या, एखादी रबरी चप्पल. खळगा लागला की तो थांबतो, खळगा काठोकाठ भरतो आणि मगच पुढचं पाऊल टाकतो. वाळू पाणी पिते तेव्हा तिच्यातून हवेचे बारीक बुडबुडे वर येतात. कान खाली नेला तर एक अतिसूक्ष्म चुरचुर ऐकू येते. कितीतरी महिने कोंडलेला वाळूश्वास सुटत असतो. मुंग्या अंडी तोंडात धरून चढणीला लागतात. रातकिडे, भुंगेरे, कोळी बिळं सोडून पळतात आणि त्यांच्या वाटेवर बगळे, धोबी, साळुंक्या आधीच उभ्या असतात. पाणी पोचण्याआधी पाण्याची बातमी पाखरांना कशी कळते, हे मला अजून उमगलेलं नाही. संध्याकाळपर्यंत पाणी त्या रेघेच्या टोकाशी येतं. शिंपला लगेच उघडत नाही. गढूळपणा खाली बसेपर्यंत तो वाट पाहतो.

हे पाणी इथल्या आभाळाचं नाही. सोलापूरचं आभाळ हात आखडतं आहे. घाटमाथ्यावर जितका पाऊस कोसळतो त्याचा पाचवा हिस्साही इथे पडला तरी लोक समाधानी असतात. भीमा जन्मते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या अगदी कड्यापाशी. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झालेलं हे पठार पूर्वेकडे कललेलं आहे, आणि पाण्याला जवळचं-लांबचं कळत नाही, उतार कळतो. म्हणून कड्याच्या पलीकडे पडलेला थेंब दिवसाभरात कोकणात पोचतो आणि अलीकडे पडलेला थेंब पूर्वेच्या समुद्राची वाट धरतो. भीमा ८६१ किलोमीटर चालते तेव्हा कुठे तिला कृष्णा भेटते, आणि समुद्र त्याच्याही पुष्कळ पुढे आहे. भीमाशंकरच्या रानात शेकरू ज्या फांद्यांच्या बेचक्यात घरटी बांधतात, त्याच फांद्यांवरून आषाढात पाणी ठिबकत असतं. त्यातला एखादा थेंब पुढच्या वैशाखात सोलापूरजवळच्या औजच्या बंधाऱ्यात असू शकतो. मधे दहा महिने आणि अनेकांचे हात असतात.

वाटेतल्या भेटी मोजत बसलो तर दौंडपर्यंतच लेख संपेल. भामा आणि इंद्रायणी तुळापूरजवळ मिळतात, मुळा-मुठा पुण्याचं सगळं घेऊन येते, घोड येते. सगळं म्हणजे खरोखर सगळं. शहराच्या मोऱ्यांतून वाहिलेलं सत्त्व आणि विष एकाच पाण्यात कालवून ही नदी सोलापूर जिल्ह्याच्या शिवेवर, करमाळा आणि इंदापूर तालुक्यांच्या मधे येते आणि तिथे एकाएकी नदी राहत नाही.

उजनी धरणाचं काम १९६९ साली सुरू झालं आणि १९८० साली संपलं. सपाट मुलखात अडवलेलं पाणी खोल जात नाही, पसरतं. यशवंत सागर हा असा उथळ परातीसारखा अंथरलेला जलाशय आहे. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, हिशेबात मृत साठा म्हणून धरलेलं आहे. त्यामुळे सोलापूरकरांना एक विलक्षण गणित अंगवळणी पडलं आहे. उजनी शून्य टक्क्यांवर येते तेव्हा तिच्यात ६३ टीएमसी पाणी असतं, आणि मग ती ‘मायनस’मध्ये जाते. ज्याला कागद मृत म्हणतो, त्याच पाण्यात मरळ आणि वाम फिरत असतात, कटल्याची पिल्लं वाढत असतात, कुणीतरी आणून सोडलेल्या चिलापीने सगळ्यांना हटवून आपलं राज्य मांडलेलं असतं आणि पहाटे भिगवणच्या काठाला माशांचे लिलाव चालू असतात.

पाणी उतरू लागतं तेव्हा जलाशयाचा काठ रोज थोडा आत सरकतो आणि मागे ओला, मऊ, जीवांनी गजबजलेला गाळ सोडतो. त्या गाळावर दोघांचं लक्ष असतं. एक शेतकरी, जो तिथे गाळपेर करून कलिंगड किंवा मका काढतो. दुसरा रोहित. गुलाबी छटेचे हे उंच पक्षी घोटाभर पाण्यात ओळीने उभे राहतात, मान खाली सोडतात, चोच उलटी धरतात आणि जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर करून त्यातले सूक्ष्म जीव गाळून घेतात. हे जीव वाढतात शेवाळावर, शेवाळ वाढतं पुण्याहून आलेल्या सांडपाण्यातल्या खतावर. त्या गुलाबी रंगाच्या मुळाशी काय आहे हे कळल्यावर सौंदर्य उणं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. होत नाही. पण पाहणाऱ्याच्या मनाला एक ओरखडा उठतो आणि तो राहू द्यावा. याच खतावर जलपर्णीही माजते, आणि ती पाण्यावर झाकण घालते तेव्हा खालच्या माशांचा श्वास कोंडतो. एकाच कारणाची ही दोन फळं आहेत, त्यातलं एक पाहायला आपण दुर्बिणी घेऊन जातो.

पट्टकदंब हिमालयावरून उडत इथे येतात. चित्रबलाक इंदापूरकडच्या भादलवाडी तलावातल्या झाडांवर घरटी करतात आणि पिलांसाठी उजनीचे मासे नेतात. म्हणजे धरणाची पातळी किती ठेवायची हे ठरतं तेव्हा बाभळीच्या फांदीवरच्या काटक्यांच्या घरट्यात कोण उपाशी राहणार हेही ठरत असतं. ज्या वर्षी पाणी फारच खाली जातं, त्या वर्षी पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. शिखराला शेवाळाची पुटं, गाभाऱ्यात गाळ. धरणात बुडालेल्या गावांचे लोक मग मुलानातवंडांना घेऊन तिथे जातात आणि बोटाने दाखवतात, इथे वेस होती, इथे आपला वाडा होता. जिल्ह्याला ते दुष्काळाचं वर्ष असतं. त्यांना ते भेटीचं वर्ष.

या पाण्यावर होड्याही चालतात. नदी होती तेव्हा दोन्ही काठांची गावं एकमेकांच्या हाकेत होती, सोयरीक होती, उन्हाळ्यात उतारावरून चालत जाता येई. धरणाने मधे मैलाचं पाणी घातलं. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून माणसं, दुचाकी, शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या होडीतून जाऊ लागल्या. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. आपल्याकडे नदीतली वाहतूक म्हटलं की बंदरं आणि जहाजं डोळ्यांसमोर येतात. भीमेची वाहतूक ही अशी आहे, आडवी, या काठाहून त्या काठाला, गरजेची. कधी काळी सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवर, कधी गुळाच्या काहिलीत बसून लोकांनी ती केली. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांच्या यादीत भीमेचंही नाव घातलं. तो टप्पा मात्र खूप खालचा, कर्नाटकातला, कृष्णेच्या संगमापर्यंतचा.

धरणाच्या खाली भीमा पुन्हा नदीपण आठवू लागते. नीरा-नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, आणि पावसाळ्यात हा संगम पंढरपूरचं भवितव्य ठरवतो. उजनीतून सोडलेलं पाणी आणि नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी एकाच वेळी इथे आलं की खाली पंढरपुरात काठावरची घरं रिकामी करायची वेळ येते.

पंढरपुराशी नदी चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंदावतं, हातातली वाळू खाली ठेवतं. युगानुयुगं ठेवत आलं म्हणून तिथे वाळवंट झालं. त्या वाळवंटात संतांनी कीर्तनं उभी केली, सगळ्या जातींची माणसं एकमेकांच्या पाया पडली. नदीने वळण घेतलं नसतं तर एवढी मोकळी, कुणाच्याच मालकीची नसलेली जागा कुठून आली असती? भूगोलाने अध्यात्माला असं अंगण द्यावं याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच वाळवंटातून ट्रक भरून वाळू जाते तेव्हा काय उचललं जातं, हेही मग वेगळं सांगायला नको. वाळूचा प्रत्येक थर पाणी धरून ठेवतो. उन्हाळ्यात हाताने झिरा उकरला की गार, गाळलेलं पाणी वर येतं आणि काठच्या विहिरीही त्याच्यावर जगतात. थर गेला की नदीचं तळघर गेलं.

भर पात्रात पुंडलिकाचं देऊळ आहे. धरणावर पाणी टीएमसीत आणि क्युसेकमध्ये मोजतात. इथे ते माणसाच्या देहाने मोजलं जातं. दगडी पुलाजवळ होडीला टेकून बसलेल्या एका कोळीमामांना मी विचारलं, “मामा, मधे किती असंल पाणी?” त्यांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आत्ता छातीभर. काल वरनं सोडलंय. सकाळच्याला पुरुषभर हुतंय बघा.” घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, पुरुषभर, त्याच्यापुढे मोजायला देह पुरत नाही, मग पुंडलिकाच्या देवळाला किती पाणी लागलं ते सांगतात. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठीसुद्धा उजनीतून पाणी सोडावं लागतं. लाखो माणसं ज्या पाण्यात उभी राहून हात जोडतात, त्याच्यामागे कुठल्या तरी अभियंत्याने दाबलेलं एक बटण असतं. भक्ती त्याने उणावत नाही. पण त्या बटणालाही मनातल्या मनात एक नमस्कार करावा.

पुढे माण नदी मिळते, नावाला नदी, बाकी वाळूचा पट्टा. हिला कमी लेखू नये. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी होती. हिंदुस्थानचं तख्त तेव्हा अक्षरशः या काळ्या मातीत रोवलेलं होतं. पुढच्या वर्षी, १७०० च्या ऑक्टोबरात, खवासपूरच्या मुक्कामी याच माणेला रात्री अचानक पूर आला, छावणी वाहून गेली आणि धावपळीत म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा निखळला. तो पाय पुन्हा नीट झाला नाही. माचणूरचा सिद्धेश्वर मात्र अजून जागेवर आहे, आणि घाटाच्या पायऱ्यांवर कवड्या खंड्या हवेत एका जागी थरथरत उभा राहून पाण्यात झेपावतो.

मला या साऱ्या वाटेतली सर्वांत प्रिय जागा हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते. सीना नगरकडून येते, वर्षातला बराच काळ डबक्याडबक्यांनी जगते, भोगावतीला पोटात घेते आणि कुडलला पोचते तेव्हा दमलेली असते. एरवी अंग चोरून वाहणाऱ्या याच नदीने २०२५ च्या सप्टेंबरात असं रूप धरलं की माढा-मोहोळची शेतं मातीसकट गेली आणि पुण्याचा महामार्गसुद्धा बंद पडला. संगमावर चालुक्यकाळातलं संगमेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या मराठी शिलालेखावर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा काळ कोरलेला आहे. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळातल्या शिवलिंगावर ३५९ मुखं आहेत. एकाच दगडातून इतकी तोंडं वर येतात, कुणी हसरं, कुणी मिटल्या डोळ्यांचं, कुणी झिजून नाकडोळे हरवलेलं. मला ते पाहताना दोन नद्यांच्या पाण्यात मिसळलेली सगळी पाणी आठवतात: शेकरूच्या रानातलं, आळंदीच्या घाटावरचं, पुण्याच्या मोरीतलं, फलटण-अकलूजच्या उसातून निथळलेलं, नगरच्या माळावरचं. ओंजळीत घेतलं तर त्यातलं कुठलं कुठलं हे सांगता येत नाही.

कुडलच्या पुढे काठ कानडी बोलू लागतात. गाणगापूरला अमरजा मिळते, तिथवर आपली दत्तभक्त मंडळी तिची सोबत करतात. मग काळा दगड संपतो आणि चुनखडीचा लागतो. भूशास्त्रज्ञ त्या थरांना भीमेचंच नाव देतात. सोलापुरात जुन्या घरांत उन्हाळी दुपारी ज्या गार फरशीवर आपण पाठ टेकतो, ती शहाबादी फरशी याच थरांतली. सन्नतीच्या काठी कनगनहळ्ळीच्या स्तूपाच्या अवशेषांत सम्राट अशोकाचं नाव कोरलेलं शिल्प आहे. आणि रायचूरजवळ कृष्णा.

आता मागे फिरून त्या पाणओठाकडे येऊ. फाल्गुनात ते पाणी सोडलं होतं सोलापूर शहरासाठी. नदीतून आठ-दहा दिवस चालत ते औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोचायचं, तिथून टाकळीला उपसलं जायचं आणि काही दिवसांआड आमच्या नळांना यायचं. शहराला लागणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी धरणातून सोडावं लागे. वाटेत वाळूत मुरतं, उन्हाने उडतं, काठचे पंप ओढतात. हा अपव्यय थांबावा म्हणून उजनीपासून शहरापर्यंत समांतर जलवाहिनी टाकण्यात आली. शहराच्या बाजूने पाहिलं तर हे रास्त आहे. दिवसांच्या हिशेबाने हंडे भरून ठेवणाऱ्या घराला विचारा. मीही त्याच नळाचं पाणी पितो.

पण ज्याला आपण अपव्यय म्हटलं, त्याने वाटेत काय केलं ते तुम्ही आत्ता माझ्याबरोबर पाहिलं आहे. त्याने वाळूचं तळघर भरलं, विहिरींना पाझर दिला, डोहातल्या मरळीला आणखी एक उन्हाळा दिला, शिंपल्याचं कवाड उघडलं. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत तो वहनातला तोटा आहे. माझ्या मते धरण बांधल्यापासून उन्हाळ्यात नदीला मिळालेला तो एकमेव वाटा होता, आणि तोही तिच्या नावाने कुणी दिलेला नव्हता. शहरासाठी म्हणून निघालेल्या पाण्यातून ती आपलं घेत होती. पाणी नळात बंद झालं की तोटा संपेल आणि त्याबरोबर तिचा वाटाही संपेल.

हेही खरं, की आजवर ते पाणी कधी सोडायचं हे नळांच्या टंचाईने ठरवलं. नदी सुरय आणि कंठेरी चिखल्या उन्हाळ्यात उघड्या वाळूवर, गोट्यांच्या रंगाची अंडी घालतात, कारण हजारो वर्षांच्या अनुभवाने त्यांना माहीत आहे की एप्रिलमध्ये नदीला पूर येत नाही. धरणाचं आवर्तन त्यांच्या अनुभवात नाही. जे पाणी शिंपल्याला जगवतं तेच अंडी बुडवतं. म्हणून नुसतं पाणी सोडा म्हणून भागणार नाही, वेळही पाहावी लागेल.

उजनीच्या पाण्याचं वाटप ठरवायला कालवा सल्लागार समिती बसते. तुम्ही भीमाकाठचे असाल, उसाचे, द्राक्षाचे किंवा माझ्यासारखे नळाचे असाल, तर आपापल्या आमदाराकडे आणि पाटबंधारे खात्याकडे एक मागणी लिहून द्या: शेती, पिण्याचं पाणी आणि उद्योग यांच्या खाली एक ओळ नदीच्या पात्रासाठी घाला. फेब्रुवारीत, सुरय वाळूवर उतरण्याआधी एक आवर्तन, आणि त्यानंतर पावसापर्यंत घोटाभर धार.